धोंड्याच्या महिन्यातला हिरो आणि झिरो

सध्या सगळ्या टेंभुर्णीत एकच बोललं जातंय, की आसराबाईनं डोकं लढवून जालन्याची मॅच फिरवली. डेअरीवर दूध घालायला जावं तर तेच, गिरणीत दळण टाकावं तर तेच. परवा तर भाजीवाल्यानं मला डोळा मारला आणि म्हणाला, "मावशी, लई पोचलेल्या तुम्ही!" या वयात बाईला डोळा मारतात आणि वर कोथिंबीर फुकट देतात, म्हणजे गाव कुठल्या थराला गेलं बघा. कोथिंबीर मी घेतली. पण मी काही फिरवलंबिरवलं नाही, हे एकदा सांगून टाकते. जे झालं ते रीतीनं झालं. उषाबाई सांगत फिरते ते ऐकू नका. ती आमची शेजारीण. आमच्या घरातलं तिला आमच्याआधी कळतं, फक्त उलटं कळतं.

तर माझी नात राजनंदिनी आम्ही अंबडच्या सोमेश्वरला दिली. पोरगा इतका उंच, की पोरगी बघायला आला तेव्हा आमच्या दाराच्या चौकटीवर कपाळ आपटूनच आत आला. टेंगूळ आलं तरी हसत होता. मी तिथंच ठरवलं, पोरगा घरात टिकणारा आहे.

"पण करतो काय?" भावकीनं विचारलं.

तो बास्केटबॉल खेळतो. पगारी. 'जालना पोलाद' नावाच्या संघात, लीगमध्ये. "चेंडू खेळणाऱ्याला पोरगी देऊन राह्यल्या का काकू?" म्हणून सगळ्यांनी मला येड्यात काढलं. मी म्हणलं, "तुम्ही पत्ते खेळता, तुम्हाला दिल्याच ना पोरी?" विषय संपला. पण तेव्हापासून सोमेश्वरचा चेंडू कुठं चुकला की गाव माझ्याकडं बघतं. जसा काही मीच फेकला.

खेळाचं म्हणाल तर तो मला पहिल्यापासून कच्चा वाटला. मी जन्मभर टोपल्या हाताळल्या. शेणाच्या, कापसाच्या, भाकरीच्या. बूड गेलेली टोपली आम्ही चुलीत घालतो. हे लोक ती दोन पुरुष उंच टांगतात, तिच्यात चेंडू टाकतात, चेंडू खाली पडतो, आणि पडल्याबद्दल टाळ्या वाजवतात. परत टाकतात, परत पडतो. एवढे धट्टेकट्टे गडी, पण एकालाही दोरी घेऊन बूड विणून टाकावं असं सुचत नाही.

त्या लीगची एक खोड मला बिलकुल पटत नाही. मॅच संपली की मोठ्या पडद्यावर दोन तोंडं दाखवतात. ज्याची कामगिरी सगळ्यात चांगली, तो 'आजचा हिरो', गळ्यात हार. ज्याची सगळ्यात खराब, तो 'आजचा झिरो', आणि शेजारी एक वांगं. भरताचं असतं तसं मोठं, काळंभोर. अहो, घरात आई पोराला काय वाट्टेल ते बोलेल, पण चारचौघांत त्याच्या गालाला वांगं लावणार नाही. आमचा सोमेश्वर मात्र ना हारात ना वांग्यात. मधला. गुपचूप येऊन गुपचूप जाणारा. मला त्यात समाधान होतं.

औंदा जेठ अधिक आला. म्हणजे धोंड्याचा महिना. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. लेक-जावयाला बोलवायचं, जावयाचे पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे पोटभर खाऊ घालायचे आणि वर तेहतीस धोंड्यांचं वाण द्यायचं, काही घरी अनारशांचंही. धोंडा म्हणजे कणकेच्या पारीत मूठभर पुरण भरून उकडलेला गोळा. गरम असतानाच फोडायचा आणि त्यात तुपाची धार धरायची. माझ्या पुरणात जायफळ जरा सढळ असतं, ते आमच्या घराण्याचं आहे.

मी फोन लावला. सोमेश्वर म्हणाला, "आजी, लीग चालू हाय. कोच सुट्टी देईना. महिना संपला की लगेच येतो."

महिना संपल्यावर! मग काय नागपंचमीला पतंग आणि संक्रांतीला रंग खेळायचा का?

भिंतीच्या पलीकडून उषाबाईनं हे ऐकलंच. तिचे जावई शाळामास्तर. उन्हाळ्याची सुट्टी, हाताला काम नाही. पहिल्याच आठवड्यात आले, जेवले, पाट-चौरंगासकट फोटो काढून घेतले. ती म्हणाली, "का ओ आसराबाई, तुमचे जावई टीव्हीत दिसून राह्यले. मंग धोंडे काय टीव्हीला दाखवणार का?"

त्या दिवशी मला भाकर गोड लागली नाही.

मग सल्ले सुरू झाले. सल्ल्याला आमच्या गल्लीत कधी दुष्काळ पडत नाही. एक म्हणाली, एसटीच्या पार्सलनं पाठवा. एकीनं सांगितलं, मोबाइलवर तोंड दाखवून इकडं आपणच खायचे. मंदिरातल्या माऊलीबाबानं तर सोमेश्वरचा फोटो पाटावर ठेवून नैवेद्य दाखवा म्हणून सांगितलं. मी म्हणलं, "बाबा, जित्या माणसाच्या फोटोला ताट वाढू का? जरा तोंड सांभाळून!" तेव्हा ते गडबडले आणि म्हणाले, "मंग नारायण जिथं हाय तिथं नेऊन घाला."

हे मला पटलं.

सुनेनं, मीनानं, पहाटे पुरण शिजवलं. धोंडे उकडून, पितळी डब्यात फडक्यात गुंडाळून, तुपाची बरणी मांडीवर घेऊन मी, माहेरी आलेली राजनंदिनी आणि तिचा बाप, माझा मुलगा कल्याण, जीपमधून जालन्याला निघालो. राजनंदिनी रस्ताभर म्हणत होती, "आजी, संध्याकाळी मॅच हाय त्यांची. मॅच झाल्यावर वाढ."

"मॅच झाल्यावर दिवस मावळतो. धोंड्याचं वाण दिवसाउजेडी द्यायचं असतं."

"पण जड होतं गं ते."

"पुरण हलकं असतं," मी म्हणलं. हे वाक्य मी पुढं आठवडाभर म्हणत राहिले, म्हणून लक्षात ठेवा.

हॉलच्या फाटकावर वॉचमननं अडवलं. "मावशी, बाहेरचं खायचं आत चालत न्हाई."

"बाहेरचं? माझ्या चुलीवरचं हाय हे. बाहेरचं तर तुम्ही आत विकून राह्यले."

तो म्हणाला, मॅनेजरला विचारा. मॅनेजर म्हणाला, खेळाडूचं खाणं डॉक्टरच्या हातात आहे. डॉक्टर म्हणाला, मी फक्त मुरगळलेलं बघतो, कोचला विचारा. कोचकडं गेलो तर तो मैदानात शिट्टी फुंकत होता आणि त्याच्याजवळ जायला पास लागत होता. पास कोण देतो? मॅनेजर. तहसीलमध्ये सातबारा काढायला गेलं तरी माणूस एवढा फिरत नाही, तिथं निदान मधे एक चहाची टपरी असते.

मी परत वॉचमनजवळ येऊन खाली बसले. विचारलं, "लग्न झालं का रे बाबा?"

"झालं की."

"धोंडे जेवलास का?"

त्याचं तोंड उतरलं. "ड्युटी हाय मावशी. सासऱ्याचा फोन आल्ता, पण जाता आलं न्हाई."

मी डबा उघडला. जायफळाचा वास सुटला तसं फाटकही उघडलं.

सोमेश्वर खेळाडूंच्या खोलीत बसला होता. मला बघून उठला, पाया पडला आणि डबा बघून परत बसला. "आजी, आज मॅच हाय."

"मंग काय उपाशी खेळणार का जावईबापू?"

बिचाऱ्यानं एक खाल्ला. दुसरा मी राजनंदिनीच्या नावानं वाढला. तिसरा तिच्या आजोबांच्या, कारण ते गुडघ्यामुळं येऊ शकले नव्हते आणि त्यांचा मान राहून जायला नको. मग मीनाच्या नावानं, पहाटेपासून राबली म्हणून. कल्याण समोरच उभा होता, त्याला वाईट वाटू नये म्हणून त्याचा एक. कुलदैवताचा तर धरलाच पाहिजे. किती झाले ते विचारू नका, जेवणाऱ्याचे मोजत नसतात. शेवटी शेवटी तो माझ्याकडं बघत होता, पण डोळ्यांत ओळख नव्हती.

वाण हातात देणार एवढ्यात कोच आला. हरियाणाकडचा माणूस, मिशा अशा की दोन्हीकडं एकेक पोरगं लटकावं. ताटाकडं बघितलं, तुपाकडं बघितलं. "माताजी! ये क्या कर दिया?"

"जेवू घातलं," मी म्हणलं. "तुम भी बैठो."

तो बसला नाही. आम्हाला वाणाच्या डब्यासकट बाहेर काढलं. मला! जिच्या हातचं जेवायला आमदाराची आई दोनदा येऊन गेली.

मॅच सुरू झाली. आता त्या मॅचबद्दल फार सांगण्यासारखं नाही आणि जे आहे ते मोबाइलमध्ये सगळ्या जिल्ह्यानं बघितलंय. सोमेश्वर पळत होता, पण भरल्या उसाची गाडी चढावर जाते तसा. उडी मारली की फक्त टाचा उचलायच्या. एकदा चेंडू त्यानं नेमका पंचाच्या हातात दिला आणि पंचानं तो परत केला, तर हात जोडले. कोचनं त्याला बाकावर बसवलं. तिथं त्यानं तोंडावर टॉवेल घेतला आणि झोपला. कॅमेरा बरोबर तिथं. मग जालन्याच्या एकाचा पाय मुरगळला म्हणून याला हलवून उठवलं आणि परत आत ढकललं. हा डोळे चोळत गेला, चेंडू मिळाला, समोर जी टोपली दिसली तिच्यात टाकला. इतका सुंदर टाकला, की मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. सगळ्या हॉलमध्ये मी एकटीच. ती टोपली आपलीच होती, म्हणजे गुण समोरच्यांना.

पडद्यावर वांगं आलं. आणि माइकवाला काय म्हणतो, "लीग सुरू झाल्यापासूनची ही सगळ्यात खराब कामगिरी!"

"वांगं कुणाला म्हणतो रे?" मी ओरडले. कल्याणनं पदर धरून मला खाली बसवलं.

खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी कळली. राजनंदिनी माझ्यासमोर येऊन बसली. रडत नव्हती. ती रडली असती तर मी समजूत काढली असती. ती म्हणाली, "आजी, संघात चार जण कमी करायचेत. मालकानं कोचला सांगितलं, की अमावस्येला लातूरशी मॅच हाय, त्यात ह्यांनी काही करून दाखवलं तर पुढच्या वर्षीचा करार, न्हाई तर घरी. त्यांनी लहानपणापासून दुसरं काही केलं न्हाई गं. एका तुझ्या ताटापायी..."

"पुरण हलकं असतं," मी म्हणलं.

"आजी!"

"कोच त्याला काकड्या खाऊ घालतो. काकडीवर माणसाची ताकद किती टिकंल?"

"माझ्या गळ्याला हात लावून सांग. लातूरच्या मॅचला त्यांना एक घास देणार न्हाईस."

मी हात लावला. नातीचा गळा आहे, धोंड्यापेक्षा मोठा. पण मनात दुसराच काटा होता. वाण घरी परत आलं होतं. वाण कधी परत येत नसतं. आणि अमावस्येला महिना संपत होता. पुढचा अधिक तीन वर्षांनी. या घरात सून म्हणून आल्यापासून माझं एकही वाण चुकलेलं नाही. आता ते सोमेश्वरला द्यायचं नाही, तर द्यायचं कुणाला? गावातले सगळे जावई जेवून, ढेकर देऊन आपापल्या गावी गेलेले. उरले एकटे उषाबाईचे मास्तर, ते परत आले होते म्हणे, पंखा चांगला आहे म्हणून. त्यांना वाण देण्यापेक्षा मी ते दुधना नदीत सोडलं असतं.

मला वॉचमन आठवला. तोही कुणाचा जावईच की. रीतीत बसत होतं.

अमावस्येला मीनानं ताजे धोंडे केले आणि आम्ही परत निघालो. या वेळी उषाबाईही जीपमध्ये बसली. "मला बी बघू द्या की तुमच्या जावयाचा खेळ," म्हणाली. तिला खेळ नाही, वांगं बघायचं होतं. राजनंदिनीनं डबा बघितला तसा मी आधीच हात वर केला. "तुझ्या नवऱ्यासाठी न्हाई गं. वॉचमनसाठी हाय."

फाटकावर दुसराच वॉचमन. पहिला सुट्टीवर. कुठं गेला? सासरी, धोंडे जेवायला.

आता बोला.

उन्हं कलायला लागली होती. राजनंदिनी, कल्याण आणि उषाबाई जागा धरायला आत गेले. मी हॉलच्या मागं लिंबाच्या झाडाखाली डबा घेऊन बसले आणि देवाला म्हणलं, एक जावई दे. कसलाही चालंल.

तेवढ्यात एक पोरगा आला. उंच, सोमेश्वरपेक्षाही बोटभर जास्त. अंगात निळा बनियन, पाठीवर इंग्रजी अक्षरं. मला बघून थांबला आणि वाकून पाया पडला. "आजी, बाहेर कामून बसल्या?"

पाया पडणारं पोरगं मला आवडतं. मी विचारलं, "नाव काय बाबा?"

"शिवशंकर."

"लग्न झालं का?"

"मागच्या वर्षी."

"बायको कुठली?"

"वाटूरची."

मी उभीच राहिले. वाटूर! अहो, वाटूर माझं माहेर. वाटूरची लेक म्हणजे माझ्या माहेरची लेक, आणि तिचा नवरा म्हणजे सगळ्या वाटूरचा जावई, माझ्यासकट. वॉचमनपेक्षा शंभर पटीनं खरा. "कुणाची रे पोरगी?"

"दीपमाला. बसस्टँडजवळचं घर."

"माझ्या चुलत भावाच्या भिंतीला भिंत! धोंडे जेवलास का?"

त्यानं मान हलवली. "लीगमुळं जाता आलं न्हाई आजी. सासूबाई रोज फोन करून राह्यल्या. इथं उकडलेली कोंबडी आणि काकडी खाऊन जीव गेला."

पुढं काय केलं असतं तुम्ही? तो कुणाकडून खेळतो हे मी विचारलं नाही, असं आता सगळे मला म्हणतात. अहो, जावयाला सासर विचारतात, संघ नाही विचारत.

मी त्याला बूट काढायला लावले. पायाला घोट्याभोवती पांढऱ्या पट्ट्या घट्ट बांधलेल्या. मला वाटलं, लागलंय बिचाऱ्याला. पाय धुताना त्या ओल्या झाल्या, म्हणून सोडून झाडावर वाळत घातल्या. मग जेवायला बसवलं. या पोराला नावं घेऊन आग्रह करावा लागला नाही. तो स्वतःच नावं घेत होता. एक सासऱ्याचा, एक सासूचा, एक मेव्हण्याचा, एक वाटूरच्या मारुतीचा. शेवटी वाणाचा डबा त्याच्या हातात दिला, तेव्हा सूर्य अजून हॉलच्या पत्र्यावर होता. माझा जीव भांड्यात पडला.

आत जाऊन बसले. जालन्याचे खेळाडू आले, टाळ्या. मग माइकवाला ओरडला, "आणि आता लातूरचा वाघ! या लीगमध्ये सगळ्यात जास्त वेळा हिरो! शिवशंकर!"

निळा बनियन. पोटावर एक हात. पायाला पट्ट्या नाहीत.

कल्याण म्हणाला, "आई, ह्यालाच अडवायचं काम आपल्या जावयाला दिलंय. ह्याला कुणी अडवूच शकत न्हाई म्हणतात."

मी तोंडात पदर घातला.

पहिला क्वार्टर शिवशंकर बरा खेळला. पुरण पोटात बसायला वेळ लागतो. दुसऱ्यात त्यानं एकदा उडी मारली आणि मध्येच विचार बदलावा तसा खाली आला. सोमेश्वर त्याच्या अगदी समोर. त्यानं शिवशंकरच्या डोळ्यांत बघितलं. जवळ जाऊन एकदा नाकानं श्वास घेतला. आणि मग मान वळवून सरळ वर, लोकांत, माझ्याकडं बघितलं.

मी छताकडं बघितलं. छत चांगलं होतं.

त्यानंतर त्या पोरानं जो खेळ केला! धोंडे पोटात गेल्यावर माणूस कधी मंदावतो, कधी त्याला डावीकडं वळणं नको वाटतं, कधी डोळ्यावर पडदा येतो, हे साऱ्या लीगमध्ये एकट्या सोमेश्वरलाच माहीत होतं. हे शिक्षण काही कुठल्या कोचनं दिलेलं नव्हतं. शिवशंकर उजवीकडं झुकला की हा डावीकडून. शिवशंकरनं जांभई दिली की हा टोपलीपाशी. लांबून टाकले, जवळून टाकले, एक तर पळता पळता पाठीमागून टाकला. सगळा हॉल उभा. राजनंदिनी बाकावर चढून ओरडत होती. आणि माझी दशा कुणाला सांगू? एक डोळा नातीच्या कुंकवाकडं, एक डोळा माहेरच्या इज्जतीकडं. सोमेश्वरनं टाकला की टाळी वाजवायची आणि शिवशंकर अडखळला की "सावकाश रे बाळा!" म्हणायचं. उषाबाई म्हणाली, "तुम्ही नेमक्या कुणाकडून हाव?"

जालना जिंकलं. पडद्यावर हारात सोमेश्वर, आणि वांग्याशेजारी वाटूरचे जावई. माइकवाल्याचा आवाज बसला होता. "या मोसमातली सगळ्यात भारी कामगिरी!" म्हणाला, आणि सगळ्यात खराब कामगिरीचा मान शिवशंकरनं सोमेश्वरकडून थोडक्यात हिसकावून घेतल्याचंही सांगितलं.

आनंद अजून घशाखाली उतरला नव्हता, तोच आम्हाला बोलावणं आलं. लातूरच्या कोचला वाणाचा डबा सापडला होता. झाडावर वाळत घातलेल्या पट्ट्याही.

एका छोट्या खोलीत गळ्यात बिल्ला घातलेले लीगचे निरीक्षक बसले होते. दोन्ही कोच, सोमेश्वर, राजनंदिनी, पोट धरून शिवशंकर, आणि दाराच्या फटीत उषाबाई. लातूरचा कोच टेबलावर हात आपटत होता. "साहेब, हा कट हाय! म्हातारीनं आमच्या पोराला काहीतरी घालून पाडलं. मॅच रद्द करा!"

सोमेश्वरचं तोंड पांढरं पडलं. मॅच रद्द म्हणजे हिरो रद्द, हिरो रद्द म्हणजे करार रद्द.

निरीक्षकांनी मला विचारलं, "आजी, ह्यात काय घातलं होतं?"

"गहू, हरभऱ्याची डाळ, गूळ, जायफळ, तूप."

"दुसरं काही?"

"दुसरं कामून घालू? मला काय स्वयंपाक येत न्हाई?"

शिवशंकर मध्येच बोलला, "साहेब, आजींनी जबरदस्ती न्हाई केली. मीच मागून मागून खाल्ले."

"किती?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. "मोजत नसतात, साहेब."

पोरगा संस्काराचा. वाटूरनं बघून दिलीय.

निरीक्षक म्हणाले, "आजी, मला दोनच रस्ते दिसून राह्यले. धोंडे जर हलके असतील, तर तुम्ही ह्यात काही मिसळलं. मंग मॅच रद्द. आणि काही मिसळलं नसंल, तर मंग ह्या पोराची ही गत धोंड्यांनीच केली. काय ते सांगा. धोंडे हलके की जड?"

राजनंदिनी माझ्याकडं बघत होती. दाराच्या फटीत उषाबाईचा एक डोळा, पापणी न लवता. आठवडाभर मी जे वाक्य धरून बसले होते ते जिभेवर आलं, आणि सोमेश्वरकडं बघून परत आत गेलं. तो मान खाली घालून उभा होता. आठवडाभर सगळ्या जिल्ह्याचं हसू त्यानं सोसलं, पण एकदाही कुणाला म्हणाला नव्हता, की आजीनं खाऊ घातलं.

मी म्हणलं, "जड."

"मोठ्यानं बोला आजी."

"जड! माझे धोंडे जड असतात. खाल्लेला माणूस दुसऱ्या दिवशीपर्यंत कामाचा राहत न्हाई. लिवून घ्या. आणि कट म्हणता ना? मंग मागच्या मॅचचा झिरो कोण होता ते बघा. माझ्या नातीचा नवरा! त्याला कुणी खाऊ घातलं? ह्याच हातांनी! कट करणारी असते तर पहिलं वांगं माझ्याच जावयाला लावलं असतं का?"

आमच्या हरियाणावाल्यानं मिशीवरून हात फिरवला. "ये बात सौ टका सच है, साहब. मैं खुद गवाह हूँ."

निरीक्षकांनी पुरावा म्हणून डब्यातला एक धोंडा खाल्ला. मग खात्री करून घ्यायला दुसरा. तिसरा का खाल्ला ते त्यांनी सांगितलं नाही. खुर्चीला टेकले, बिल्ला पोटावर सरळ केला आणि डोळे मिटत मिटत म्हणाले, "हेतू दिसत न्हाई... मॅच कायम." निकालाच्या कागदावर सही त्यांच्या शिपायानं हात धरून करून घेतली.

सोमेश्वरचा करार झाला. कोचनं स्वतः फोन करून सांगितलं. शिवशंकरचंही काही बिघडलं नाही, पुढच्याच मॅचला परत हारात दिसला. त्याच्या सासूचा मला वाटूरहून फोन आला. पहिल्यांदा भांडली, मग जायफळाचं प्रमाण विचारलं.

आता उषाबाई गावभर सांगत फिरते, की आसराबाईनं भर खोलीत आपल्या तोंडानं धोंडे जड असल्याचं कबूल केलं. सांगू द्या. मागच्या आठवड्यात कल्याण जालन्याला गेल्ता, तर हॉलच्या फाटकावर लीगनं नवीन पाटी लावलेली. त्यानं फोटो काढून आणला. 'खेळाडूंना धोंडे खाऊ घालण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून.' मी तो फोटो मोठा करून ओसरीत लावलाय, उषाबाईच्या भिंतीच्या बरोबर समोर. तिच्या मास्तरांनी आजवर तिच्या हातचे कमी का धोंडे खाल्ले? पण लीगला कायदा करावा लागला तो कुणाच्या हातामुळं?

ती पाटी मी कल्याणला दोनदा वाचायला लावली, शेवटच्या अक्षरापर्यंत. अनारशांबद्दल त्यात एक शब्द नाही.